उंदरांवरची चाचणी आणि आपल्या घरातली पावडर



यंदाच्या कोजागरीला कार्यक्रम संपल्यावर आम्ही काहीजण मसाला दूध घेत बसलो होतो. एका वहिनींनी मोबाईल पुढे केला. "भाऊ, तुम्ही प्रयोगशाळेत होतात ना? हे बघा काय आलंय." संदेशात एका कीटकनाशकाचे नाव होते, अंगावर मोठी गाठ आलेल्या उंदराचे छायाचित्र होते आणि खाली लिहिले होते की आजपासून पालेभाज्या बंद करा. शेजारी बसलेले एक गृहस्थ हसले. "उंदराला किलोभर औषध पाजलं तर त्याला काहीही होईल. आपण काय उंदीर आहोत का?"

दोघांचेही बोलणे आपण नेहमी ऐकतो. एकाला उंदराची गाठ म्हणजे थेट आपल्याला कर्करोग वाटतो, दुसऱ्याला सगळी चाचणीच निरर्थक वाटते. माझी नोकरीची बरीच वर्षे विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या सोबतीने गेली, त्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर आली. पण त्या रात्री मला आठवले ते माझे काका. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या शेतात ते ज्वारीवर बीएचसी पावडर धुरळायचे. धुरळणी यंत्र नसेल तर फडक्यात पावडर बांधायची आणि ती पुरचुंडी झटकत ओळीतून चालायचे. हातमोजे नाहीत, तोंडाला फडके नाही. उरलेली पावडर घरात कणगीभोवती टाकायची, म्हणजे किडे-मुंग्या येत नाहीत. पुढे काका यकृताच्या कर्करोगाने गेले. काकू अजूनही मला विचारतात, "त्या पावडरीनंच झालं असेल का रे?"

या प्रश्नाला उंदरांवरची चाचणी किती उत्तर देऊ शकते आणि कुठे थांबते, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

सुरुवात एका कीटकनाशकानेच झाली

रसायनामुळे प्राण्याला कर्करोग होतो हे प्रयोगाने प्रथम दाखवले ते जपानमध्ये. १९१५ साली यामागिवा आणि इचिकावा या शास्त्रज्ञांनी सशांच्या कानाला महिनोन्‌महिने डांबर चोळले आणि तिथे कर्करोग उत्पन्न झाला.

कीटकनाशकाची गोष्ट १९४१ची आहे. अमेरिकेत अॅसिटिल-अमिनो-फ्लोरिन नावाचे एक रसायन कीटकनाशक म्हणून वापरायचा विचार चालू होता. बाजारात आणण्यापूर्वी ते उंदरांना दीर्घकाळ खाद्यातून देऊन पाहिले. थोड्या दिवसांच्या चाचणीत त्याने फारसे काही बिघडले नव्हते. पण महिने उलटल्यावर उंदरांच्या यकृतात, मूत्राशयात आणि इतरही अवयवांत गाठी दिसू लागल्या. ते कीटकनाशक कधी विक्रीला आलेच नाही. पुढे कर्करोग कसा होतो याच्या अभ्यासासाठी मात्र तेच रसायन जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले गेले.

यातून एक गोष्ट कायमची कळली. जे लगेच मारत नाही ते दीर्घकाळ निर्धोक असेलच असे नाही. आपल्याकडे कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो फक्त तात्काळ विषबाधेची तीव्रता सांगतो. हिरवा त्रिकोण म्हणजे कर्करोगाच्या दृष्टीने सुरक्षित, असा अर्थ कोणी काढू नये. त्यासाठी वेगळी चाचणी लागते आणि ती दोन वर्षे चालते.

चाचणी प्रत्यक्षात कशी चालते

या चाचणीचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत. ओईसीडी या संघटनेने ते १९८१ साली ठरवले आणि नंतर वेळोवेळी सुधारले. नवीन कीटकनाशकाला परवानगी मागताना कंपनीला असे अभ्यास सादर करावे लागतात. आपल्या देशात १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी समिती ते तपासते.

साधारणपणे दोन जातींचे प्राणी घेतात. एक मोठा उंदीर, ज्याला आपण प्रयोगशाळेत रॅट म्हणतो, आणि दुसरा लहान उंदीर, म्हणजे माऊस. रॅटवरचा प्रयोग २४ महिने आणि माऊसवरचा १८ महिने किंवा थोडा अधिक. प्रयोगशाळेतला रॅट सुमारे अडीच वर्षे जगतो, म्हणजे जवळजवळ त्याचे सारे आयुष्य प्रयोगात जाते. कर्करोग हा बहुधा उतारवयाचा रोग असल्यामुळे घाई करून चालत नाही.

प्राण्यांचे चार गट करतात. एका गटाला साधे खाद्य, उरलेल्या तीन गटांना कमी, मध्यम आणि जास्त प्रमाणात औषध मिसळलेले खाद्य. प्रत्येक गटात किमान ५० नर आणि ५० माद्या. म्हणजे एका जातीचे ४०० प्राणी आणि दोन्ही जाती मिळून ८००. कोणता प्राणी कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवतात, म्हणजे धडधाकट प्राणी नकळत एकाच गटात जमा होत नाहीत.

त्यानंतर रोजचे काम सुरू होते. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक पिंजऱ्यात डोकवायचे. सुरुवातीला दर आठवड्याला आणि नंतर ठरावीक अंतराने वजन घ्यायचे, खाद्य किती संपले ते मोजायचे. अंगावर हात फिरवून गाठ लागते का ते पाहायचे. लागली तर जागा आणि आकार लिहायचा. तापमान, आर्द्रता, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार, यात फरक पडू द्यायचा नाही. दिवाळी असो की संक्रांत, पिंजऱ्यापाशी कोणीतरी असावेच लागते. आमच्याकडे सणाच्या दिवशीच्या पाळीवरून रुसवेफुगवे व्हायचे आणि मग डब्यातल्या करंज्या वाटून ते मिटायचे.

शेवटी उरलेल्या सर्व प्राण्यांना वेदना न होऊ देता मारावे लागते. हे लिहिताना आजही बरे वाटत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली समिती आहे आणि तिच्या नियमांप्रमाणे परवानगीशिवाय असे काम करता येत नाही. कमीत कमी प्राणी, कमीत कमी त्रास आणि शक्य तिथे प्राण्यांना पर्याय, ही तीन तत्त्वे रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडली. आज सगळे जग ती मानते. एवढे जीव खर्ची पडत असतील तर त्यातून निघालेले उत्तर नीट वाचणे हे आपले कर्तव्यच आहे.

प्रत्येक प्राण्याचे सुमारे ४० अवयव व ऊती काढून फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवून त्यांचे केसाहून पातळ काप करतात, रंगवतात आणि काचेच्या पट्ट्यांवर लावतात. साध्या खाद्याच्या आणि सर्वांत जास्त मात्रेच्या गटांतले सगळे काप विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. फक्त याच दोन गटांचा हिशेब केला तर एका जातीचे २०० प्राणी गुणिले ४०, म्हणजे आठ हजारांच्या आसपास ऊती झाल्या. चाचणीचा निकाल या काचपट्ट्यांवर ठरतो.

इतके औषध कशासाठी पाजायचे?

आता आपल्या हसणाऱ्या गृहस्थांच्या शंकेकडे येऊ. उंदरांना एवढी मोठी मात्रा का देतात?

समजा, एखाद्या रसायनामुळे हजारात एकाला कर्करोग होतो. हैदराबादसारख्या शहरात हजारात एक म्हणजे हजारो माणसे झाली. पण प्रयोगात गटात उंदीर फक्त ५०. त्यांच्यात असा एकही रुग्ण न सापडण्याचीच शक्यता जास्त. साध्या गटात ५० पैकी शून्य गाठी असतील, तर औषधाच्या गटात ५० पैकी पाच-सहा गाठी दिसल्याशिवाय हा योगायोग नाही असे संख्याशास्त्र म्हणू देत नाही. म्हणजे दहा टक्क्यांच्या खालचा परिणाम या चाचणीच्या नजरेतून निसटू शकतो. म्हणून मात्रा वाढवायची. सर्वांत वरची मात्रा अशी निवडतात की प्राण्याच्या वाढीवर थोडा परिणाम दिसावा, वजन साधारण दहा टक्क्यांनी कमी भरावे, पण विषबाधेने तो मरू नये.

कमी मात्रेचा परिणाम थेट पाहायचा तर किती प्राणी लागतील, याचा प्रयोगही झाला आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातील राष्ट्रीय विषशास्त्र केंद्रात २४ हजारांहून अधिक मादी माऊस घेऊन एकाच रसायनाची चाचणी केली. रसायन कोणते? तेच, १९४१चे न विकलेले कीटकनाशक. एवढे प्राणी वापरूनही अगदी कमी मात्रेला काय होते यावर शास्त्रज्ञांचे वाद संपले नाहीत. यकृताच्या गाठी कमी मात्रेलाही मात्रेच्या प्रमाणात दिसत होत्या, तर मूत्राशयाच्या गाठी एका टप्प्यानंतरच झपाट्याने वाढत होत्या. एकच रसायन, एकच प्राणी, तरी दोन अवयवांचे वागणे निराळे.

म्हणून मोठी मात्रा ही चाचणीची लबाडी नाही. थोड्या प्राण्यांत उत्तर मिळवण्याचा तो मार्ग आहे. मात्र त्याची किंमत अशी की मोठ्या मात्रेवरून आपल्या ताटातल्या कणभर अंशाविषयी बोलताना अनुमान करावे लागते.

एका गाठीने निकाल फिरतो

साधे खाद्य खाणाऱ्या उंदरांनाही म्हातारपणी गाठी होतात. काही वाणांच्या माद्यांत स्तनाच्या आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठी इतक्या सर्रास असतात की त्या नसल्या तरच नवल. त्यामुळे गाठ आलेल्या एका उंदराच्या छायाचित्राला काहीही अर्थ नसतो. साध्या गटात किती आणि औषधाच्या गटात किती, हे विचारावे लागते. मात्रा वाढते तशा गाठी वाढतात का, नर-मादी दोघांत दिसतात का, दुसऱ्या जातीतही दिसतात का, आणि त्या वाणात एरवी तशी गाठ दुर्मीळ असते का, हेही पाहावे लागते.

ग्लायफोसेट या तणनाशकाचे उदाहरण घेऊ. आपल्या गावाकडे कापसाच्या, संत्र्याच्या शेतात त्याचे नाव सर्वांना माहीत आहे. १९८३ साली पूर्ण झालेल्या माऊसवरच्या एका अभ्यासात नरांच्या मूत्रपिंडात गाठी आढळल्या. साध्या गटात शून्य, कमी मात्रेत शून्य, मध्यम मात्रेत एक आणि सर्वांत जास्त मात्रेत तीन. त्या जास्त मात्रेच्या गटाच्या खाद्यात तीन टक्के तणनाशकच होते. ही गाठ माऊसमध्ये दुर्मीळ असते. त्यामुळे १९८५ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ग्लायफोसेटला 'मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्या वर्गात घातले.

नंतर दुसऱ्या विकृतिशास्त्रज्ञाने त्याच काचपट्ट्या पुन्हा पाहिल्या आणि साध्या गटातही एक गाठ असल्याचे सांगितले. म्हणजे आकडे झाले एक, शून्य, एक, तीन. मूत्रपिंडांचे आणखी काप काढून पाहिले, त्यांत नवीन गाठ सापडली नाही. साध्या गटातली ती खरोखर गाठ होती का, यावर तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. तरी वर्गवारी बदलत गेली आणि १९९१ साली त्याच संस्थेने 'कर्करोगकारक नसल्याचा पुरावा' असा निष्कर्ष दिला.

पुढे मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, हा आणि इतर अभ्यास विचारात घेऊन ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने ते कर्करोगकारक असण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. प्राण्यांचे तेच अभ्यास असताना निष्कर्ष वेगळे आले, कारण कोणत्या गाठीला किती महत्त्व द्यायचे आणि कोणता प्रश्न विचारायचा यातच फरक होता.

आपल्या बीएचसी पावडरीचे काय झाले

काकांची ती पावडर म्हणजे बेंझीन हेक्साक्लोराइड. गॅमेक्सिन म्हणूनही ती घराघरात माहीत होती. ते एकच रसायन नसून एकाच रेणूच्या अनेक रूपांचे मिश्रण असते. त्यातले गॅमा रूप किडे मारते आणि ते जेमतेम १० ते १५ टक्के असते. उरलेली पावडर किड्यांच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी, पण माती, दूध आणि शरीराच्या चरबीत साठून राहणारी.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधील नारा येथील शास्त्रज्ञांनी बीएचसी माऊसना खाऊ घातली तेव्हा यकृतात गाठी आल्या. मग त्यांनी प्रत्येक रूप वेगळे करून दिले. त्या प्रयोगात गाठी झाल्या त्या अल्फा रूपामुळे, म्हणजे पावडरीत सर्वांत जास्त असलेल्या आणि किड्यांना न मारणाऱ्या रूपामुळे. जपानने १९७१ सालीच बीएचसी बंद केली होती.

आपल्याकडे ती जोरात चालू होती, म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनीही तपासणी केली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने स्विस वाणाच्या माऊसवर केलेल्या डीडीटीच्या अभ्यासाचा निष्कर्ष १९७७ साली आणि बीएचसीचा १९७९ साली प्रसिद्ध केला. दोन्हींत गाठींचे प्रमाण वाढलेले आढळले. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. सुमती भिडे आणि सहकाऱ्यांनी माऊसमध्ये बीएचसीमुळे होणाऱ्या गाठींवर काम केले. त्यांचा शोधनिबंध १९८३चा आहे. याच संस्थेच्या पूर्वीच्या रूपात, भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, डॉ. वसंत खानोलकर आणि पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी कर्करोगाच्या अभ्यासाचा पाया घातला होता. रणदिवे यांनी माऊसच्या निरनिराळ्या वाणांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. वंशावळ माहीत असलेले, एकसारखे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणे हे किती महत्त्वाचे आहे, हे अशाच कामातून आपल्याकडे रुजले.

इथे आपल्या हैदराबादचा धागा जुळतो. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठी असलेली वैद्यकीय संशोधन परिषदेची सेवा मुंबईच्या त्याच केंद्रात सुरू झाली होती. १९७६ साली ती तारनाक्याला, आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आली. पुढे ती प्रयोगशाळा-प्राणी विज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र झाली. उस्मानिया विद्यापीठाच्या बाजूने हबसीगुड्याकडे जाताना आपण ती इमारत शेकडो वेळा पाहिली असेल. पोषण संस्था १९५८ साली कुन्नूरहून हैदराबादला आली तेव्हा तिच्यासोबत विस्टार रॅटची जुनी वसाहतही आली. देशातल्या कितीतरी प्रयोगशाळांना एकसारख्या वाणाचे प्राणी पुरवण्याचे काम इथून झाले.

शेतीसाठी डीडीटी १९८९ साली बंद झाली, हिवतापाच्या डासांसाठी सरकारी वापर तेवढा राहिला. बीएचसीवर १ एप्रिल १९९७ पासून बंदी आली. म्हणजे जपानने बंद केल्यावर २६ वर्षांनी आणि अहमदाबादचा अभ्यास छापून आल्यावर १८ वर्षांनी. बंदीमागे फक्त उंदरांच्या गाठी नव्हत्या, दुधातले आणि धान्यातले अंशही होते. पण इतकी वर्षे आमच्या शेतात पुरचुंडी झटकली जात होती, आणि उंदरांनी सांगितलेले आमच्या बांधापर्यंत कोणी पोचवले नव्हते. आम्ही शिकलेले पुतणेही त्यात आलो.

उंदरापासून माणसापर्यंत

उंदराला होते ते माणसाला होईलच का? नाही. आणि होणारच नाही असेही नाही.

१९४१चे तेच रसायन रॅटमध्ये कर्करोग करते, पण गिनीपिगमध्ये करत नाही. शरीरात गेल्यावर त्या रसायनाचे ज्या घातक रूपात रूपांतर व्हावे लागते, ते गिनीपिगचे यकृत फारसे करत नाही. सॅकरिनची गोष्ट तर अनेकांना आठवत असेल. १९७७ साली रॅटच्या मूत्राशयात गाठी दिसल्याने अमेरिकेत सॅकरिनवर बंदीचा प्रस्ताव आला आणि डब्यांवर इशारा छापला गेला. पुढे कळले की नर रॅटच्या मूत्राच्या विशिष्ट गुणधर्मामुळे तिथे खडे होऊन गाठी होतात, माणसात तसे घडत नाही. २००० साली तो इशारा काढून टाकला. उलट बाजूला लिंडेन आहे. हे बीएचसीतले गॅमा रूप, वेगळे काढलेले. उवांवर आणि खरजेवर त्याचे औषध मिळत असे. फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या अभ्यासांत लसीकाग्रंथींच्या कर्करोगाशी संबंध दिसल्यामुळे आयएआरसीने २०१५ साली त्याला पहिल्या वर्गात, म्हणजे माणसात निश्चित कर्करोगकारक, असे ठरवले. त्याच बैठकीत डीडीटी 'बहुधा' या वर्गात गेली.

या वर्गांबाबत एक मोठा गैरसमज आहे. ते पुराव्याची खात्री सांगतात, धोक्याचे प्रमाण सांगत नाहीत. पहिल्या वर्गात तंबाखू आहे, दारू आहे, सुपारी आहे. 'बहुधा' या वर्गात ६५ अंशांहून गरम पेये पिणेही आहे. सगळ्यांचा धोका सारखा नाही. विहिरीला कठडा नाही हे सांगणे एक आणि तुम्ही रोज तिच्यापासून किती अंतरावरून जाता हे मोजणे दुसरे. दुसरे काम अन्नसुरक्षा संस्था करतात. प्राण्यात काहीही परिणाम न दिसलेली मात्रा घेऊन ती साधारणपणे शंभराने भागतात. दहा पट प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी, दहा पट माणसामाणसांतल्या फरकासाठी. रसायन थेट जनुकांना इजा करत असेल, तर असा भागाकार पुरेसा मानत नाहीत.

चाचणीवर विश्वास कशाच्या बळावर

कोणी म्हणेल, पैसे कंपनीचे, मग निकाल कंपनीच्या सोयीचा नसेल कशावरून? शंका रास्त आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या प्रयोगशाळेचा घोटाळा उघडकीस आला. अनेक कीटकनाशकांच्या चाचण्या तिथे झाल्या होत्या. मेलेल्या उंदरांच्या जागी नवे ठेवणे, न केलेल्या तपासण्या केल्याचे लिहिणे असे प्रकार सापडले. १९८३ साली तिचे तीन माजी अधिकारी दोषी ठरले. त्यातून 'उत्तम प्रयोगशाळा कार्यपद्धती'चे नियम आले. प्रत्येक नोंद त्याच वेळी, शाईने, सही-तारखेसह करायची. चूक झाली तर खोडायची नाही, एक रेघ मारून कारण लिहायचे. काचपट्ट्या आणि मूळ वह्या जपून ठेवायच्या. भारतात यासाठी २००२ साली राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन झाले आणि २०११पासून आपल्या प्रमाणित प्रयोगशाळांचे अहवाल ओईसीडीच्या देशांत मान्य होतात. हैदराबादच्या परिसरातही अशा प्रयोगशाळा आहेत आणि आपली बरीच मुले-मुली तिथे काम करतात. ग्लायफोसेटच्या काचपट्ट्या काही वर्षांनी पुन्हा पाहता आल्या, त्या जपलेल्या होत्या म्हणूनच.

काकूंना मी काय सांगितले

आता वहिनींच्या संदेशाबद्दल. असा संदेश आला की पुढे पाठवण्याआधी एवढे विचारावे: कोणत्या प्राण्यात, किती मात्रेला, साध्या गटात किती गाठी होत्या, आणि आपल्या ताटात त्याचा अंश किती येतो? पालक सोडू नका. वाहत्या पाण्यात चोळून धुवा, बाहेरची खराब पाने काढा. भाज्या न खाण्याचे नुकसान पक्के आहे.

खरा धोका ताटापेक्षा फवारणाऱ्याच्या हाताला आणि श्वासाला जास्त आहे. मंडळातल्या कितीतरी कुटुंबांची शेती अजून नांदेड, परभणी, लातूर, यवतमाळ, आदिलाबादकडे आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घेऊन जा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका म्हणून सांगा. फवारणीचे कपडे वेगळे धुवा, कारण घरी ते धुणाऱ्या बाईच्या हाताला तेच औषध लागते. डब्यावर लिहिलेले फवारणी ते काढणीचे दिवस पाळा. माळ्यावर जुनी बीएचसी किंवा डीडीटीची पुडी निघाली तर ती जाळू नका, ओढ्यात टाकू नका, उघडूही नका. पिशवीत घट्ट बांधून मुलांपासून दूर ठेवा आणि कृषी कार्यालयात किंवा पालिकेत विचारून द्या.

काकूंना मी खरे तेच सांगितले. ती पावडर माऊसच्या यकृतात गाठी करते हे आपल्याच देशात दाखवले गेले होते. ती बंद झाली ते योग्यच झाले, आणि आधी व्हायला हवे होते. पण यकृताचा कर्करोग हिपॅटायटिस बी आणि सीमुळे होतो, दारूमुळे होतो, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिनमुळेही होतो. काकांच्या बाबतीत कारण कोणते, हे ५० उंदरांचा गट सांगू शकत नाही. ती चाचणी पदार्थाविषयी बोलते, एका माणसाविषयी नाही.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे कळणार नाहीच." मी नाही म्हटले. त्या उठल्या आणि कोपऱ्यातल्या फवारणी पंपाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मग पोराला तेवढे हातमोजे आणून दे. मी सांगून ऐकत नाही तो."

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या बाजारातून दोन जोड आणून दिले. पुढच्या खेपेला ते वापरलेले दिसले, त्याचे मला समाधान आहे.